चौऱ्याण्णववर थांबलेला काटा

“मग थांबला कधीपासून?” भंतेंनी विचारलं.

“सात आठवडे झाले.”

“चौऱ्याण्णववरच?”

“चौऱ्याण्णव. ना इकडं, ना तिकडं.”

“रोज पाहतोस?”

“रोज. सकाळी गिरणीत पाय ठेवल्याबरोबर. धानाची पोती तोलायचा काटा आहे न, त्याच्यावर.”

“चप्पल काढून?”

“चप्पल काढून. खिसे रिकामे करून. भंते, काटा नीट आहे का नाही ते विचारायला मी आलो नाही.”

“मग?”

“मले व्रत द्या.”

भंते उपसेन त्या पावसाळ्यात आमच्या मोहखेडीच्या विहारात वर्षावासाला राहिले होते. पावसाचे तीन महिने भिक्खू गावोगाव फिरत नाहीत, एकाच जागी राहतात. सत्तरीचा किडकिडीत माणूस. चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी तीस वर्षं बसच्या डेपोत मेकॅनिक होते. मी गेलो तेव्हा विहाराचा टेबलफॅन उघडून बसले होते. स्क्रू एका वाटीत, पाती मांडीवर.

सकाळचे दहा वाजले होते. त्या दिवशी भोजनदानाची पाळी आमच्या घरची होती. माय साडेअकरापर्यंत भंतेंचं जेवण घेऊन येणार होती. ती यायच्या आत मला व्रत घेऊन मोकळं व्हायचं होतं.

“कशाचं व्रत?”

“अन्न बंद. नुसतं पाणी. एकवीस दिवस.”

“एकवीसच काऊन?”

“… पक्का आकडा आहे. मोबाइलवर एक माणूस सांगत होता.”

“अन् बाविसाव्या दिवशी काय खाशील?”

मी त्याचा विचार केला नव्हता.

“ते तेव्हा पाहू,” मी म्हणालो. “आधी काटा हलला पाहिजे.”

भंतेंनी पात्याची धूळ चिंधीनं पुसली. मग दुसऱ्या पात्याची.

“घाई कशाची आहे, बापू?”

मी बोलणार नव्हतो. पण माझं असंच आहे. नाही बोलायचं ठरवलं की सगळंच बाहेर पडतं.

“दादा एकशे अठरा किलोचा होता,” मी म्हणालो. “माझा मोठा भाऊ. संघपाल. आम्ही दोघं एकाच गिरणीत हमाल. पौषात त्यानं एक पोतं उतरवलं अन् म्हणाला, सुदत्ता, जरा बसतो. पोत्यांच्या थप्पीवर बसला. मी पाणी घेऊन आलो तोवर… चौतीस वर्षांचा होता भंते. हातात बिडी होती, पेटवली पण नव्हती.”

भंतेंचा चिंधीचा हात पात्यावर थांबला.

“मग डॉक्टरनं मले तपासलं. मी तेव्हा एकशे आठ. तो म्हणाला, तुझं अंगही त्याच वाटेनं चाललं आहे. ऐंशीवर ये, नाहीतर तुझ्या मायले दोन्ही पोरं… असं अर्धंच बोलला तो. मी त्याच दिवशी ठरवलं. चार महिन्यांत चौदा किलो उतरवले. गिरणीत सगळे म्हणत, हा गडी करून दाखवते. अन् आता हे.”

“थांबला.”

“थांबला! मागच्या बुधवारी गिरणीचा जिना चढताना छातीत दाबलं. खाली बसलो. बसल्यावर पाहिलं, कुठं बसलो ते.”

“कुठं?”

“त्याच थप्पीवर.”

भंतेंनी चिंधी खाली ठेवली.

“डॉक्टरले सांगितलं हे?”

“नाही.”

“आज संध्याकाळी जाऊन सांगायचं. व्रताचं नंतर पाहू. कबूल?”

“… कबूल.”

“माय ऐकते का तुझं हे सगळं?”

“तिले छातीचं माहीत नाही. तुम्ही सांगू नका. मीच राहिलो आहे आता तिले.”

भंतेंनी मान हलवली. सांगणार की नाही, ते त्या मानेवरून कळत नव्हतं.

“डेपोत गाडी बंद पडून आली की नवी पोरं दोन गोष्टी करत,” ते म्हणाले. “एक तर तिले लाथ मारत. नाहीतर सगळं इंजिन उघडून बसत. आमचा फोरमन दोन्ही करत नव्हता. ड्रायव्हरले उभं करून एकच विचारायचा. बंद पडायच्या आधी काय बदललं?”

“माझं काहीच बदललं नाही.”

“ड्रायव्हरही हेच म्हणत.”

मला राग आला. पण ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. डोळे बारीक करून ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू मीच तो टेबलफॅन.

“झोप?”

“लागते. पहाटे तुटते.”

“किती वाजता?”

“चारला. दादा चारला उठायचा.”

“चहा?”

“बिनसाखरेचा. दोनदा. गिरणीत पोरं हसतात. म्हणतात, काढा पिऊन राहिला.”

“पोती किती उचलतोस दिवसाची?”

“आधी दोनशे. आता दीडशे.”

“पन्नास कुठं गेली?”

“मुकादम देत नाही. म्हणते, हळू घे. दादा गेल्यापासून सगळे मले काचेच्या बरणीसारखं जपतात.”

“हे बदललंच की.”

“हे… हो. पण हे कोणी धरते का?”

“मी धरतो,” भंते म्हणाले. “अन् अजून एक पाहा. तू चौदा किलो उतरवलेस. म्हणजे चौदा किलोचं एक पोतं, जे तू चालताना, जेवताना, झोपतानाही अंगावर घेऊन होतास, ते खाली ठेवलंस. आता अंगाले तेवढी मेहनत उरली नाही. मग त्याले तेवढं लागतही नाही.”

मी गुडघ्यावर थाप मारली.

“म्हणजे अजून कमी खायचं! मी तेच तर म्हणतो! पाणी!”

“मी असं म्हणालो?”

“मग काय म्हणालात?”

“काहीच नाही. विचारून राहिलो अजून.”

भंतेंनी वाटीतला एक स्क्रू उचलला, उजेडात धरून पाहिला, परत वाटीत टाकला.

“खातोस काय, ते सांग.”

हे मला पाठ होतं. डॉक्टरसमोर, मावशीसमोर, गिरणीत, सगळीकडे मी हे छाती काढून सांगायचो.

“सकाळी एक भाकर, भाजी. दुपारी दोन भाकरी, पातळ वरण, काकडी. रात्री एक भाकर. तेल नावाला. साखर बंद. गूळ बंद. अन् भात… पौषापासून भाताचं एक शीत पोटात गेलं नाही.”

“धानाच्या गावात राहून?”

“राहून.”

“धानाच्या गिरणीत काम करून?”

“करून. भंते, मी पंचशील घेतलं आहे. खोटं बोलत नाही.”

“शाबास,” ते म्हणाले. आणि खरंच शाबास म्हणाल्यासारखं म्हणाले.

“सात आठवड्यांपूर्वी घरात काय झालं?”

“काही नाही.”

“आठव.”

“काही नाही झालं. मावशी गेली, बस.”

“कोण मावशी?”

“मायची बहीण. दादा गेल्यावर माय चुलीजवळ जात नव्हती. नुसती बसून राहायची. मावशी येऊन राहिली, चार महिने तिनंच रांधलं. मोजून वाढायची मले, डॉक्टरनं सांगितलं तसं. मग पेरणीचे दिवस आले, ती तिच्या गावी गेली.”

“मग चूल कोणाकडं आली?”

“मायकडं. उठली बिचारी. मले बरंच वाटलं.”

“काय रांधते ती?”

“माझ्यापुरत्या भाकरी. वरण. अन् भात.”

“भात कोणाले? तू तर खात नाहीस.”

मी टेबलफॅनकडे पाहिलं. जाळी बाजूला काढून ठेवली होती.

“सुदत्ता… भात कोणाले?”

“दादाले.”

बाहेर पिंपळाखाली कोंबडी पिल्लांना घेऊन चालली होती. तिचा तेवढा आवाज येत राहिला.

मग मी सांगितलं. मी दुपारी एकला गिरणीतून घरी येतो. माय दोन ताटं वाढते. एक माझं. दुसरं भिंतीजवळ, दादा बसायचा तिथं. त्यात भात, वरण, वरून तूप, बाजूला कांदा. त्याच्यावर एक ताटली झाकते. मग घागर उचलते आणि पाण्याला जाते.

“तुमच्यात कावळ्याले घास ठेवायची रीत आहे?” भंतेंनी विचारलं.

“नाही न! आम्ही ते सगळं सोडलं. माय स्वतःच म्हणायची, मेलेलं माणूस जेवायला येत नाही. म्हणून तर मी घाबरलो.”

“मग त्या ताटाचं काय होते?”

“… रिकामं होते.”

“कसं?”

“भंते, माय पाणी घेऊन आली की आधी ते ताट पाहते. पहिल्या दिवशी ते भरलेलंच होतं. ती काही बोलली नाही. भिंतीकडं तोंड करून निजली ते दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मले वाटलं, हीपण जाते आता. मग दुसऱ्या दिवशी…”

“तू खाल्लंस.”

“मी नाही खाल्लं! ते दादाचं होतं. मी फक्त रिकामं केलं.”

“तोंडानं?”

मी उभा राहिलो. वाटी माझ्या पायानं उलटली, स्क्रू फरशीवर पसरले.

“तुम्हाले काय समजते?” मी ओरडलो. “तुमचा भाऊ मेला आहे का?”

“नाही,” भंते म्हणाले. “वरोऱ्याले राहते. लय भांडखोर आहे.”

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मला हसू आलं की रडू, ते मला अजून सांगता येत नाही. मी खाली बसलो आणि स्क्रू गोळा करायला लागलो. भंतेही गोळा करायला लागले. एक दाराच्या फटीत गेला होता, तो त्यांनी काडीनं काढला.

“खोटं नव्हतो बोललो,” मी खालीच पाहत म्हणालो. “तो भात मले माझा कधी वाटलाच नाही. मी त्याच्या जाग्यावर बसायचो. त्याच्यासारखा कालवायचो, तूप सगळीकडं लागेल असा. डाव्या हातानं.”

“डाव्या?”

“दादा डावखुरा होता.”

भंते काडी हातात धरून तसेच बसले होते.

“रोज?”

“रोज. सांडू न देता. काटा पाहताना तो भात माझ्या ध्यानातच यायचा नाही. खरंच भंते. माझा हिशोब माझ्या ताटाचा. ते ताट दादाचं.”

“हं.”

“मग मी खोटा झालो का?”

“ते राहू दे. मले दुसरंच विचारायचं आहे.” भंते जरा पुढे सरकले. “माय पाण्याले कुठं जाते?”

“हापशीवर. शाळेपाशी.”

“तुमच्या आळीत नळ आला न? मी आलो तेव्हा सगळ्यांच्या अंगणात तोट्या पाहिल्या.”

“आला. मागच्या साली.”

“पाणी येते त्याले?”

“येते न. दोन्ही टाइम.”

“मग हापशीवर कशाले जाते?”

मी हातातले स्क्रू वाटीत टाकले.

“किती वेळ लागते तिले परत यायला?”

“… माझं होईपर्यंत.”

“तुझं, का दादाचं?”

बाहेर चपलांचा आवाज आला. माय आली होती.

माझी माय पंचफुला. बुटकी, चालायला चपळ. तिनं दारात चपला काढल्या, हातातली पिशवी बाजूला ठेवून भंतेंना तीनदा वंदन केलं. मग मला पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

“तू इथं काय करून राहिला? गिरणीत नाही गेला?”

“अर्धी सुट्टी घेतली.”

“काही मागून राहिला असन हा तुम्हाले,” ती भंतेंना म्हणाली. “देऊ नका जी. येडं आहे हे. मोबाइल पाहून पाहून डोस्कं फिरलं.”

“व्रत मागते,” भंते म्हणाले.

“व्रत! याच्या बापानं बिडी सोडायचं व्रत घेतलं होतं. तीन दिवस तंबाखू खाल्ला.”

भंतेंनी पात्र पुढे घेतलं. मायनं पिशवीतला मोठा डबा उघडून त्यांच्या पात्रात वाढलं. पोळी, वरण, वांग्याची भाजी, भात. भिक्खूंचं जेवण बाराच्या आत व्हावं लागतं. बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत त्यांना अन्न चालत नाही. मायला हे ठाऊक होतं, म्हणून ती लगबग करत होती.

“जेवा जी आता. साडेअकरा होऊन गेले.”

भंतेंचं लक्ष पिशवीकडे होतं.

“अजून दोन डबे आहेत.”

“एक या बाबूचा आहे जी. आज इथूनच गिरणीत नेऊन देणार होती. आता तुमचं झाल्यावर हा इथंच जेवन.”

“अन् दुसरा?”

मायनं पदर सारखा केला.

“मोठ्याचा.”

“मोठा खाते?”

मी जमिनीकडे पाहत होतो. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही.

“खाते न,” माय म्हणाली. “रोज खाते. डाव्या हातानं खाते.”

मी मान वर केली.

“तुले… तुले कसं ठाऊक?”

“आपल्या कुडाच्या भिंतीले फटी किती आहेत, पाह्यल्या का कधी? घागर घेऊन तिथंच उभी राह्यतो मी.”

“म्हणजे तू पाण्याले जात नव्हतीस?”

“दारात नळ असताना हापशीवर कशाले जाऊ? पाय मोडले का नळाचे?”

“मग ते ताट! तो भात! मले वाटलं, तुझं डोकं… मले वाटलं, ते भरलेलं राहिलं तर तू मरशील!”

“अन् मले वाटलं, तू मरशीन,” माय म्हणाली. “कोरड्या भाकरीवर पोतं उचलते का गडी? माह्या हातचा भात तू घेत नव्हता. वाढला की ताट मागं सारे. त्या दिवशी रागानं अन् दुःखानं मोठ्याचं ताट वाढलं मी. दुसऱ्या दिवशी पाह्यतो तर तू त्याच्यावर बसलेला. मंग म्हटलं, असं तर असं. त्याच्या नावानं खाते न? खाऊ दे.”

“मी तुझ्यासाठी खात होतो!”

“मी तुह्यासाठी वाढत होती!”

भंते हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. आवाज न करता, खांदे हलवून.

“एक गाडी,” ते म्हणाले, “एक जण मागून ढकलते, एक जण पुढून ढकलते. अन् दोघं म्हणतात, हलत काऊन नाही.”

मायलाही हसू आलं. पदर तोंडाला लावून ती हसली. मीही हसलो. सहा महिन्यांत आम्ही दोघं एका वेळी हसलो नव्हतो, म्हणून लगेच दोघंही थांबलो.

मला वाटलं, झालं. सापडलं. उद्यापासून तो भात बंद की काटा हलतो. मी हिशोबही करायला लागलो, ऐंशीला किती आठवडे लागतील ते.

पण भंते अजून जेवत नव्हते. पात्र समोर तसंच होतं. डोळे पुन्हा बारीक झाले होते.

“बाई, भात किती मापं शिजवता?”

“एक जी.”

“मोठा होता तेव्हा?”

“तीन. कधी चार.”

“आता एकात मोठ्याचं ताट भरते?”

“भरते. शिगोशीग भरते. गडीमाणसाचं ताट आहे ते.”

“मग भाताच्या गंजात काय राहते?”

“राह्यते न बुडाले. खरवड.”

“भाकरी किती करता?”

“बाबूच्या चार. मोजून. डॉक्टरनं सांगितल्या तेवढ्या.”

भंतेंनी अगदी हळू विचारलं, जणू काही साधंच विचारत होते.

“बाई, तुमचं ताट कोणतं?”

“… आँ?”

“एक सुदत्ताचं. एक मोठ्याचं. तुमचं कोणतं?”

माय गोंधळली. जणू कोणी तिला तिच्या शाळेचं नाव विचारलं होतं.

“माह्यं कशाले ताट? गंजातच होऊन जाते.”

“आधीपासून?”

“आधीपासूनच जी. सगळ्यांचं झाल्यावर. तेव्हा गंजात राह्यत होतं भरपूर. आता…” ती थांबली. “आता इच्छाच नाही होत.”

मी आठवून पाहिलं. मायला जेवताना मी शेवटचं कधी पाहिलं? दादा गेल्यानंतर नाही. दादा होता तेव्हाही नाही. लहानपणी? एकदाही आठवेना. मी तिच्याकडे पाहिलं. पोलक्याची बाही आत दुमडून सेफ्टीपिन लावली होती. पिनेच्या वर दंड वेताच्या तुकड्यासारखा दिसत होता. मानेखालची हाडं वर आली होती. सात आठवडे रोज सकाळी मी उघड्या पायांनी काट्यावर उभा राहत होतो. आणि घरी ही.

“माय,” मी म्हणालो.

भंतेंनी पिशवीतला तिसरा डबा काढला आणि मायसमोर ठेवला.

“हे तुमचं.”

“नाही जी!” मायनं डबा मागे सारला. “हा मोठ्याचा आहे.”

“त्याचा भात मायनं खाल्ला तर मोठा रागावन?”

माय डब्याकडे पाहत राहिली. झाकणावर दादाचं नाव कोरलेलं होतं. गावात लग्नकार्याला भांडी जातात, अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांवर नावं कोरून घेतो. तिच्या नावाचं भांडं आमच्या घरात एकही नव्हतं, हेही मला तेव्हाच दिसलं.

“नाही रागावणार,” ती शेवटी म्हणाली. “तोच म्हणायचा. माय, आधी तू बस. रोज म्हणायचा. ताटावर बसला की म्हणायचाच. मी म्हणत होती, बसतो रे बाबा, तू जेव आधी.”

“मग?”

“कधी बसली नाही जी… एक दिवस पण नाही बसली.”

आता ती रडली. पौषापासून साचलेलं. मी तिच्या शेजारी गेलो, पण हात कुठं ठेवायचा ते कळेना. मग मी डब्याचं झाकण काढलं. कांदा बाजूला ठेवला. तूप सगळीकडे लागेल असा भात कालवला आणि डबा तिच्या मांडीजवळ सरकवला.

भंतेंसमोर खायची तिला लाज वाटत होती. ती थोडी भिंतीकडे वळली. पहिला घास हातात धरून बसली. मग खाल्ला. मग दुसरा. ज्याला जेवायची सवय मोडली आहे तो जेवतो तसं ती जेवत होती, प्रत्येक घासानंतर थांबून, आता पुरे का, असं कोणाला तरी विचारल्यासारखी. कोणी पुरे म्हणालं नाही. भंते बसून होते. मी बसून होतो.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. बाराचा.

मी दचकलो. भंतेंचं पात्र जसंच्या तसं भरलेलं होतं.

“भंते! बारा वाजले!”

“हो.”

“तुम्ही जेवला नाहीत!”

“अग माय!” माय घास टाकून उठायला लागली. “माह्यानं झालं हे. माह्यामुळं भिक्खू उपाशी राह्यला. पाप लागन मले…”

भंतेंनी तळहात खाली दाबल्यासारखा केला. बसा.

माय बसली.

“आता उद्या सकाळपर्यंत काहीच नाही?” मी विचारलं.

“पाणी आहे न.”

“मग मीपण आज काही खात नाही. तुमच्याबरोबर. एकवीस नाही, आजचाच दिवस. एवढं तरी व्रत द्या.”

भंतेंनी पात्रावर फडकं झाकलं आणि ते बाजूला ठेवलं. मग माझा डबा ओढून घेतला. झाकण उघडून आत पाहिलं.

“अन् भंते… काटा? तो हलन न?”

त्यांनी डबा माझ्यासमोर, मायच्या समोरच्या जागेवर ठेवला.

“दोनच भाकरी आहेत, बापू,” ते म्हणाले. “माय जेवून उठेपर्यंत पुरव.”